आजोबांची चाल

९ जानेवारी

प्रिय धाकू,

तुला आठवतं का, संध्याकाळी तुम्ही दोघी बहिणी अभ्यासाची पुस्तकं उघडी टाकून दाराला कान लावून बसायच्यात. जिन्यावरून आधी एक ठाम पाऊल यायचं, मग एक घसटत येणारं. टप्, सर्र. टप्, सर्र. "बाबा दुसऱ्या मजल्यावर पोचले," तू म्हणायचीस. "कसले पोचतायत, अजून पहिल्यावरच आहेत," असं ताई म्हणायची, आणि तेवढ्यावरून तुमची जुंपायची. इमारतीला लिफ्ट होती, पण हे तिच्यात कधी पाऊल ठेवायचे नाहीत. "दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो, घरी येतानाही त्याच डब्यात शिरू होय?" हत्यारांची कॅनव्हासची पिशवी वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर वाहून ते डावीकडे कलले होते, एक हात कायम कमरेवर. दार उघडलं की तू त्यांच्यासमोर त्यांचीच चाल चालून दाखवायचीस आणि ते उंबऱ्यात थांबून म्हणायचे, "अहो, मी तर अजून बाहेरच आहे, मग हे गृहस्थ कोण आत आले?"

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या, तेव्हा सांगायच्या की आधी समोरच्याची विचारपूस करावी, मग आपली हकिगत सांगावी. तर कशी आहेस? वेळेवर जेवतेस का? विमानतळावर दिवसभर उभं राहताना चावणारे ते बूट बदललेस का? तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून आपोआप आत येतं.

त्या दिवशी स्कॅनच्या खोलीबाहेर ताई जे बोलली ते मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. "माझी पोर लंगडत होती आणि तुम्ही दोघी टाळ्या वाजवत होतात." तू घरी आलीस, बॅग भरलीस, दुसऱ्या दिवशी गेलीस. ताईच्या पोरीला, बटणला वाटलं, तुझी सुट्टी संपली. आम्ही तिला तसंच वाटू दिलं.

धाकू, आठ वर्षांच्या पोरीत तिचे आजोबा दिसले तर कोण हरखणार नाही? ती रांगत होती तेव्हाच हे गेले. तिचं नाक दाबलं की ती भोकाड पसरायची, म्हणून यांनीच तिला बटण म्हणायला सुरुवात केली. गेल्या वर्षी ती पोरगी पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून आली, एक हात कमरेवर, डावीकडे झुकून, डावा पाय जरा ओढत, आणि तू ओरडलीस, "आई, बघ, बाबा आले!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुणीही घरी आलं की, "बटण, आजोबा करून दाखव." तीही हौसेनं यांची पिशवी खांद्याला अडकवून यायची.

तिची पाठ दुखायची, पहाटे ती रडत उठायची, त्याला आम्ही वाढत्या वयाचं दुखणं म्हणत राहिलो. अंथरूण ओलं झालं तेव्हा परीक्षेची भीती म्हटलं. आता सगळं एका रांगेत लावलं की लहान मुलालाही कळेल. तेव्हा ते रांगेत नव्हतं गं, इकडे तिकडे सांडलेलं होतं.

सोमवारी ऑपरेशन आहे. गाठ कण्याच्या आत, मज्जारज्जूमध्येच आहे. सर्जनबाईंनी माझ्या मांडीवरची भरतकामाची रिंग पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, मेंदूकडून पायांकडे जाणारी ही दोरी करंगळीपेक्षाही बारीक असते. काही मुलांची गाठ हिच्या बाहेरून दाबते, ती आम्ही सोडवून काढतो. हिची गाठ दोरीच्याच धाग्यांमध्ये विणली गेलीय. तुमच्या कापडात कुणी दुसऱ्या रंगाचा धागा विणला, तर तो उसवताना काय होतं?"

मी म्हटलं, "कापड विरतं."

"म्हणून मी हळू उसवणार आहे," त्या म्हणाल्या.

सोमवारपर्यंत येता आलं तर ये. ताईचं मी बघेन.

तुझी,
आई

२ फेब्रुवारी

प्रिय धाकू,

ऑपरेशन नीट पार पडलं. असंच सगळ्यांना सांगायचं ठरलंय, तुलाही तसंच सांगते.

तिच्या पायांना तारा लावल्या होत्या म्हणे. ऑपरेशन चालू असताना मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतोय की नाही ते एक बाई पडद्यावर बघत बसतात. निरोप मंद झाला तिथं सर्जनबाई थांबल्या. बरीचशी गाठ निघाली, काही आतच राहिली. बाहेर आल्या तेव्हा टोपीच्या कडेनं कपाळावर वळ उठला होता. त्या आमच्याशी बोलायला खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर उभ्याउभ्या बोलले की बरं वाटतं, बसले की काहीतरी वाईट असतं, हे मी इथे शिकले.

उजव्या पायाचा अंगठा हलतो. डावा पाय अजून झोपलाय, असं बटण म्हणते. सूज उतरायच्या औषधानं तिचे गाल टम्म फुगलेत आणि भूक अशी की उकडलेले बटाटे आम्ही सोलून होण्याच्या आत संपतात. जावईबापू म्हणाले, "बटण, तुझे गाल बघ, आता गाल दाबले तरी दोन्हीकडून वाजशील." ती म्हणाली, "बाबा, विनोद आधी ऐकवून बघत जा कुणाला तरी." सगळे हसलो. ताई हसता हसता बाहेर निघून गेली.

व्यायाम शिकवायला एक उंच तरुण येतो. सारखा "ताठ बस" म्हणतो आणि स्वतः कुबड काढून बसतो. त्याचं नाव तिनं हेडमास्तर ठेवलंय.

पेशींचा रिपोर्ट आला. पुढचे उपचार ठरतायत. काळजी करू नकोस.

ती तुझी चौकशी करते. मी सांगते, मावशीला सुट्टी नाही. ती म्हणते, "पण मावशी तर विमानांपाशीच काम करते! तिला रांगेत पण उभं राहायला लागणार नाही." यावर काय सांगू ते कळव.

आई

२१ मार्च

प्रिय धाकू,

तुझं पार्सल पोचलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोक्याचा तळसुद्धा उचकटून पाहिला. असो. लाल बूट, टाच टेकली की दिवे लागणारे. तुला माप कसं बरोबर आठवलं? बटणनं ते अंथरुणातच घातले आणि मला म्हणाली, "आजी, तू टाच आपट ना." मी दोन्ही हातांत तिची पावलं धरून टाचा माझ्या तळहातावर आपटल्या. दिवे लागले. तिला तो स्पर्श कळत नव्हता, पण दिवे दिसत होते. दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला टाचा आपटायला लावल्या. झाडूवाल्या मावशींनासुद्धा.

संध्याकाळी बुटांचे तळ निरखत म्हणाली, "हे बूट कधी मळणारच नाहीत, नाही?" मी खिडकीचा पडदा नीट करायला उठले. पडदा नीटच होता.

रेडिएशन चालू आहे. एका जाड दाराच्या खोलीत तिला पालथी झोपवतात आणि सगळे बाहेर येतात. ताई दाराला हात लावून उभी राहते. पाठीला आधाराचा कडक पट्टा केलाय, अगदी तिच्या मापाचा. मी आतून मऊ सुती कापड शिवून लावलं, काठ अजिबात टोचत नाही. शाळेतल्या सिस्टरनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

शेजारच्या खाटेवर एक सहा वर्षांची मुलगी आली होती. तिची गाठ रज्जूच्या बाहेर, साध्या जातीची. ती निघाली आणि पोरगी परवा आईचं बोट धरून चालत घरी गेली. तिच्या आईला आमच्याकडे बघवेना. बटणनंच हाक मारून सांगितलं, "टाच आधी टेकव हं, नाहीतर हेडमास्तर ओरडतील."

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगते. काल केस विंचरताना तिनं विचारलं, "आजी, मी आजोबा करायचे म्हणून मला असं झालं का?"

आमच्या घरात हल्ली यांच्या चालीचं कुणी नाव काढत नाही. पिशवी ताईनं माळ्यावर टाकली होती. पोरीनं ते सगळं टिपलं, आणि कुणी काही सांगत नाही म्हणजे आपलंच चुकलं, असं मनाशी ठरवलं. मी हो-नाही म्हणायच्या आत म्हणाली, "म्हणून मावशी येत नाही का?"

मी उठले, तशीच सर्जनबाईंना शोधून आणलं आणि म्हटलं, तुम्ही सांगा हिला. त्या खाटेवर बसल्या. "अगं वेडे, तू वाकडी चाललीस म्हणून गाठ झाली नाही. गाठ आधीच होती, ती तुला वाकवत होती. कुणाची नक्कल करून, पडून, दप्तर उचलून, काही खाऊन अशी गाठ होत नाही. का होते ते अजून आम्हालाच पुरतं कळलेलं नाही."

"मग डॉक्टर होऊन काय उपयोग?" बटण म्हणाली.

"तेच आमचे सर आम्हाला विचारायचे," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्यांनी माझी समजूत घातली नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, "पाय कदाचित आणखी काही दिवस चालले असते. या गाठीचं मात्र फारसं काही बदललं नसतं."

त्यातलं दुसरं वाक्य तुझ्यासाठी. पहिलं आपण तिघींनी वाटून घेऊ.

पण तिचं आमच्या सांगण्यानं पुरतं समाधान झालेलं नाही. मी आजोबांची चाल करून दाखवली, तर म्हणाली, "तुला नाही जमत. तू बदकासारखी चालतेस. मावशीला येतं." तू आलीस, हसलीस आणि तिच्यासमोर एकदा ती चाल चाललीस, तर ते काही वाईट नव्हतं हे तिला कळेल. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं नाही कळणार.

आई

३० मे

प्रिय धाकू,

फेब्रुवारीत मी तुला अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आता लिहिते.

अशा गाठी वेगवेगळ्या जातींच्या असतात. रज्जूच्या आतल्यासुद्धा पुष्कळ मुलांमध्ये सावकाश वाढतात, थोडी गाठ राहिली तरी मुलं शाळेत जातात, मोठी होतात, त्यांची लग्नं होतात. बटणची दुसऱ्या जातीची निघाली, घाईची. पेशींच्या रिपोर्टात तेच होतं. तुला कळलं तर तू तिकडे एकटी काय करशील, या विचारानं मी लिहिलं नाही. आता वाटतं, तू तिकडे एकटी होतीस म्हणूनच लिहायला हवं होतं.

गाठ परत वाढते आहे, वरच्या दिशेनं. डाव्या हाताची पकड गेली. उजवा हात चांगला आहे. आम्ही तिला घरी आणलंय. खिडकीजवळ खाट लावली आहे, हाताशी पितळी घंटी. ती सारखी वाजवते आणि जावईबापू सारखे धावतात. "काय झालं?" "काही नाही, बघत होते येता का."

परवा दुपारी ताई तिच्या पायथ्याशी बसून फोनवर काहीतरी बघत होती. आवाज बारीक होता, पण मी ओळखला. तोच तो गेल्या वर्षीचा व्हिडिओ. पिशवी घेतलेली बटण, तू ओरडतेस "बाबा आले", मी टाळ्या वाजवते. आणि या सगळ्यावर एक मोठ्ठं हसू, थांबतच नाही असं. ताईनं ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग फोन उपडा ठेवून म्हणाली, "आई, हे हसू माझं आहे गं. सगळ्यात मोठ्यानं मीच हसतेय. हातात फोन धरून मीच हिला म्हणतेय, परत एकदा चाल."

मी तो फोन उचलून खिडकीत ठेवला.

ती म्हणाली, "धाकीला सांग."

"तूच सांग की. बहीण तुझी आहे."

"मी फोन केला तर ती उचलेल का?"

"माझाही उचलत नाही ती. तिथे तुझा काय पाड?"

तेव्हा कुठे ती जराशी हसली. मग ती उठली, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून पिशवी काढून, झटकून दारामागच्या खुंटीला अडकवली. बटण बघत होती. "आई, आजोबा परत आले का?" तिनं विचारलं. ताई म्हणाली, "हो गं राणी, आले."

आता यात कुणाची समजूत काढायची राहिलेली नाही, धाकू. वेळ मात्र फार राहिलेला नाही. तू दिवसभर लोकांना त्यांच्या त्यांच्या माणसांकडे पाठवतेस. एकदा त्याच दारातून तू ये.

आई

१४ ऑगस्ट

धाकू,

रविवारी फोन वाजला. ताईनं उचलला, पलीकडून कुणी बोलेना. ती ठेवून देत होती, पण बटण म्हणाली, "मला दे." फोन तिच्या कानाशी धरला. तिनं जरा वेळ ऐकलं. मग उजव्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर आपटली आणि नखं सरकवली. टप्, सर्र. टप्, सर्र.

फोन बंद झाला तेव्हा ती खूश होती. म्हणाली, "मावशीच होती. रडत होती, पण ओळखलं तिनं. दुसरा मजला."

तिचं समाधान झालं असं मला त्या दिवशी वाटलं. तू आली नाहीस तरी तुझं निदान तेवढं तिला मिळालं. मी रागावलेले नाही. तिला बघायला येणं तुला झेपलं नसतं, हे मला आता कळतं. मी रोज तिचं अंग पुसते, कूस बदलते, आणि मलाही ते झेपत नाही. मी फक्त इथे आहे, एवढंच.

आई

६ ऑक्टोबर

प्रिय धाकू,

जावईबापूंनी तुला कळवलंच आहे. मी तेच पुन्हा लिहीत नाही. सकाळ होती, ऊन तिच्या उशीपर्यंत आलं होतं. ताईनं तिचा हात धरला होता. औषधामुळे दुखत नव्हतं. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. आम्ही बराच वेळ वाट पाहिली.

त्यानंतर जावईबापूंनी पलंगाखालून चपला काढून घातल्या, दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "मी कुठे निघालो होतो?"

ताई बोलते, जेवते. मी तिच्या शेजारी झोपते. ती लहान होती तेव्हा माझी वेणी हातात धरून झोपायची, तुला जागा द्यायची नाही. हल्ली परत धरते. माझी वेणी आता उंदराच्या शेपटीएवढी राहिली आहे, पण तिला चालते.

गेल्या महिन्यात एका दुपारी बटणनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आजी, लिफ्टमध्ये जास्त वजन झालं की काय होतं?" मी म्हटलं, दार बंद होत नाही, आजोबा सांगायचे. ती म्हणाली, "हां. म्हणजे सामान कमी करायला पाहिजे." मग तिनं तिचं सामान वाटून टाकलं. मी लक्षात ठेवलं. ती मध्येच थकायची, डोळे मिटायची, मग उघडून विचारायची, "कुठपर्यंत आलो?" तसं तसं इथे लिहिते. थोडं वाटून झालं आहे, थोडं तुझ्यासाठी थांबलं आहे.

लाल बूट शेजारच्या खाटेवरच्या मुलीला. तिनं ते शाळेत घालून जायचं आणि भरपूर मळवायचे. घरी आल्यावर कुणी धुवायचे नाहीत. (ते मी स्वतः नेऊन दिले. तिला अजून जरा मोठे होतात. तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरून ठेवले होते.)

पाठीचा पट्टा हेडमास्तरांना, कारण ते स्वतः कधी ताठ बसत नाहीत. तो त्यांच्या एका दंडालाही बसणार नाही, पण त्यांनी मागून नेला. व्यायामाच्या खोलीत त्यांच्या खुर्चीच्या पाठीला बांधलाय म्हणे.

रंगीत पेन्सिली बाकावरच्या मैत्रिणीला, लाल सोडून. लाल संपली आहे.

सर्जनबाईंना तिचं बशीएवढं भिंग. म्हणजे गाठ का होते ते त्यांना बारीक बघता येईल, आणि कळलं की पुढच्या मुलीला सांगता येईल. त्यांनी ते पांढऱ्या कोटाच्या खिशात घातलं. पूर्ण मावलं नाही, अर्धं बाहेरच राहिलं.

उशी मला, कारण माझी फार कडक आहे.

घंटी तिच्या आईला. तिनं वाजवली की बाबांनी यायचं. काय झालं असं विचारायचं, आणि काही झालं नसलं तरी बसायचं.

आणि आजोबांची पिशवी मावशीला. पार्सलनं पाठवायची नाही, हे तिनं मला परत परत बजावलं. "मावशी पार्सल पाठवते, आपण नाही पाठवायचं." तू स्वतः येऊन न्यायचीस. पान्हे, पक्कड, तेलाची कुपी सगळं आतच ठेवलंय, तिनं तुझ्यासाठी आणखी काय घातलंय ते मी पाहिलेलं नाही. पिशवी दारामागच्या खुंटीलाच आहे. ताई आणि मी रोज तिच्यावरून हात फिरवतो, पण काढत नाही.

कधी निघतेस ते कळवायची गरज नाही. दाराला कडी लावत नाही आम्ही. फक्त लिफ्टनं येऊ नकोस, जिन्यानं ये. ताई दाराशी बसलेली असते.

तुझी,
आई